तांब्याचा पैसा

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, कन्हान आणि कोलार या नद्यांच्या परिसरात खापरखेडा हे गाव वसले आहे. आज त्याचे नाव निघताच विजेच्या केंद्राची उंच धुराडी आणि भोवतालच्या कोळशाच्या खाणी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु धुराडी उभी राहण्यापूर्वीही या मुलखात शेती होती, बाजार होता, सावकाराची वही होती. त्या जुन्या व्यवहाराची एक लहानशी खूण नागपूरकडच्या कित्येक घरांत अजूनही सापडते. देवघरातील डबीत, आजीच्या जुन्या बटव्यात किंवा कुलूप हरवलेल्या पेटीच्या तळाशी एखादे काळपट, जड, वाटोळे नाणे पडलेले असते. चिंचेने घासून ते लख्ख करावे असा मोह होतो. पण तो आवरलेला बरा. तो काळपट थर म्हणजे नाण्याचे वय होय, आणि वय घासून काढण्यात शहाणपण नाही. हे नाणे म्हणजे इंग्रजी अमदानीतील तांब्याचा पैसा.

नाणे हातात घेऊन नीट पाहावे. त्याचा व्यास सुमारे एक इंच असतो. ते १८६२ सालचे असेल, तर एका बाजूस मुकुट घातलेल्या व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा व तिचे नाव दिसेल. दुसऱ्या बाजूस वेलबुट्टीच्या चौकटीत ‘पाव आणा, इंडिया’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आणि साल आढळेल. १८७७ पासूनच्या नाण्यांवर राणीऐवजी ‘सम्राज्ञी’ हा किताब आला. संपूर्ण नाण्यावर देवनागरीचे एकही अक्षर नाही. जे नाणे मुख्यतः शेतमजुरांच्या, कोष्ट्यांच्या, भाजीवाल्यांच्या हातांतून फिरावयाचे, त्यावरील मजकूर त्यांच्यापैकी बहुतेकांना वाचता येत नव्हता. ते नाणे ओळखीत ते आकारावरून, वजनावरून आणि रंगावरून. शिवाय आणखी एक गंमत अशी, की सरकारने नाण्यावर ‘पैसा’ हा शब्द छापलाच नव्हता. सरकारच्या लेखी तो ‘पाव आणा’ होता. लोकांच्या तोंडी मात्र तो प्रथमपासून पैसाच राहिला.

त्या काळच्या हिशेबाची रीत आजच्यापेक्षा निराळी होती. तीन पै म्हणजे एक पैसा, चार पैसे म्हणजे एक आणा आणि सोळा आणे म्हणजे एक रुपया. म्हणजे एका रुपयात ६४ पैसे किंवा १९२ पै. अर्ध्या आण्याच्या थोराड नाण्याला ढबू पैसा म्हणत. शाळेत मुलांना हे कोष्टक घोकून पाठ करावे लागे, आणि रुपये, आणे, पै यांची बेरीज-वजाबाकी करताना कित्येकांच्या डोळ्यांत पाणी येई. तरी या रीतीत एक सोय होती. चौसष्टाचे निम्मे बत्तीस, त्याचे निम्मे सोळा, मग आठ, चार, दोन आणि एक. निम्मे-निम्मे करीत जाणाऱ्या बाजारी मनाला हा हिशेब फार जवळचा होता. ‘सोळा आणे खरे’, ‘पै न पै चुकती केली’, ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ हे बोल त्याच कोष्टकातून निघाले आहेत. कोष्टक गेले, बोल राहिले.

इंग्रजांपूर्वी आपल्याकडे तांब्याची नाणी नव्हती असे मुळीच नाही. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाल्यावर शिवछत्रपतींनी पाडलेली तांब्याची शिवराई प्रसिद्धच आहे. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे असत. तिच्या धर्तीवर पाडलेल्या शिवराया पुढे कितीतरी वर्षे महाराष्ट्रात चालत राहिल्या. इंग्रजांचे राज्य आल्यावरही त्या एकदम नाहीशा झाल्या नाहीत. मुंबई इलाख्यात कंपनी सरकारनेही तांब्याचा पैसा काढला होता. त्यावर तराजू असून तराजूखाली ‘अदल’ म्हणजे न्याय हा शब्द फार्सी लिपीत कोरलेला असे. नागपूरकडे भोसल्यांच्या राज्यात नागपुरी रुपया चाले. मुलूख बदलला की नाणे बदले, आणि नाणे बदलले की मध्ये सराफ बसलेला असे. तो परक्या नाण्यावर बट्टा, म्हणजे काही कसर, कापून घेई. मोठ्या व्यापाऱ्याला ती कसर सोसे. बाजारात चार पैशांची जिन्नस विकायला आलेल्या माणसाला मात्र ती चांगलीच बोचत असली पाहिजे.

१८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा रुपया ठरविला. तो १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा वजनाचा होता. त्याचे बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदीचे असत. तांब्याच्या पावआण्याचे वजन १०० ग्रेन ठरले. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निधन पावले. त्यांना औरस पुत्र नाही, एवढे निमित्त पुढे करून लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. पुढे १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला आणि कन्हानच्या काठचा हा सारा मुलूख त्या प्रांतात आला. राज्य बदलल्याची बातमी दरबारात एका दिवसात कळते. बाजारात ती हळूहळू, नाण्यांच्या रूपाने पोहोचते.

येथे रुपया आणि पैसा यांतील एक महत्त्वाचा भेद ध्यानात घेतला पाहिजे. त्या काळचा रुपया आपल्या चांदीच्या बळावर चाले. तो वितळविला तरी हातात तोळाभर चांदी येई. दुकानदार तर रुपयाच वजन म्हणून तराजूत टाकीत. ८० रुपये भार म्हणजे एक शेर. पैशाचे तसे नव्हते. त्यातील तांब्याची किंमत त्याच्यावर छापलेल्या किमतीहून कमी असे. तो चाले सरकारच्या शब्दावर. शिवाय कायद्याने तांब्याचे नाणे रुपयाच्या आतील रकमेपुरतेच देता येत असे. रुपयांचे देणे तांब्यात फेडू म्हटले, तर सावकार ते नाकारू शकत होता. एक रुपयाचे पैसे, म्हणजे शंभर ग्रेनांची चौसष्ट नाणी, सुमारे ४१५ ग्रॅम भरत. चांदीचा तोच रुपया पावणेबारा ग्रॅमांहूनही थोडा कमी. तेव्हा गरिबाचा रुपया श्रीमंताच्या रुपयाहून पस्तीसपट जड होता, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

एवढ्या क्षुल्लक नाण्याने काय होणार, असे तुम्हांला वाटेल. परंतु पैसा एकटा असेल तेव्हाच तो क्षुल्लक. तो पुनःपुन्हा द्यावा लागला, म्हणजे त्याचे खरे रूप दिसू लागते.

सावकाराच्या कर्जरोख्यात व्याजाचा दर अनेकदा असा लिहिलेला असे: दर रुपयास दरमहा एक पैसा. ऐकावयास हे किती सौम्य वाटते! रुपयावर अवघा एक पैसा. अडलेला शेतकरी मान डोलावी आणि अंगठा उठवी. आता हिशेब करून पाहू. वर्षाचे बारा महिने, म्हणून बारा पैसे. रुपयाचे पैसे चौसष्ट. चौसष्टावर बारा म्हणजे शेकडा पावणेएकोणीस. दर दोन पैसे असला, तर शेकडा साडेसदतीस. आणि पत नसलेल्या माणसाकडून दरमहा एक आणा घेतला गेला, तर वर्षास शेकडा पंचाहत्तर! हाच दर शेकड्यात सांगितला असता, तर निरक्षर माणूसही दचकला असता. पैशाच्या लहानपणाआड तो दर लपून राहिला. अंकगणित शिकण्याचा याहून मोठा उपयोग दुसरा कोणता असेल, हे मला तरी सुचत नाही.

मिठाचीही हीच गोष्ट. १८८८ साली सरकारने मिठावरील कर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. मण म्हणजे चाळीस शेर आणि अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे. म्हणजे प्रत्येक शेर मिठामागे एक आणा, चार पैसे, कर झाला. मिठाची मूळ किंमत आणि वाहतूक निराळीच. धनिकाच्या आणि मजुराच्या घरी मीठ जवळजवळ सारखेच लागते. किंबहुना भाकरीबरोबर मिरची-मीठच ज्याचे कालवण, त्यालाच ते अधिक लागते. तेव्हा या कराचा मोठा भार तांब्याच्या नाण्यांनी उचलला. पुढे कर कमीअधिक होत राहिला. १९३० मध्ये महात्मा गांधींनी दांडीला मीठ उचलले, तेव्हा तो मणास सव्वा रुपया, म्हणजे शेराला दोन पैसे होता. दोन पैशांसाठी एवढा मोठा लढा कशाला, असे त्या वेळी काही शहाण्यांनी मनात म्हटलेही असेल. शेरामागे दोन पैसे देणारी घरे देशात किती, हा गुणाकार त्यांनी केला नसावा. वऱ्हाडात समुद्र नाही. म्हणून अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी तो कायदा मोडला.

पैशाची सारी कथा अशी कडू आहे असे मात्र समजू नये. १ जुलै १८७९ रोजी टपाल खात्याने पाव आण्याचे कार्ड काढले. तांब्याचा एक पैसा टाकला, की देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार ओळी जात. अंतर कितीही असो, दर एकच. नागपूरहून कामठीला लिहा किंवा कलकत्त्याला लिहा, लागणारा पैसा तोच. कामधंद्यासाठी घर सोडून गेलेल्या माणसाची खुशाली आता गावी कळू लागली. ज्याला लिहिता येत नसे, तो दुसऱ्याकडून लिहवून घेई. कार्ड उघडे असल्यामुळे मजकूर पोस्टमनापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांना कळे, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना तो वाचून दाखविणारा माणूसही लगेच मिळे! हा एक पैशाचा दर त्रेचाळीस वर्षे टिकला. १९२२ मध्ये कार्ड अर्ध्या आण्याचे झाले.

तांब्याच्या पैशाचा सर्वांत मोठा पराक्रम मात्र पुणे जिल्ह्यात घडला. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी एक कल्पना लोकांपुढे मांडली. देशात कारखाने हवेत, पण भांडवल कोठून आणावयाचे? धनिक पुढे येईनात, आणि परक्या सरकारकडून आशा नव्हती. काळे म्हणाले, प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा. एक पैसा! भिक्षेकऱ्याच्या झोळीतही आपण तो सहज टाकतो. लोकांनी आरंभी या कल्पनेची थट्टा केली असल्यास नवल नाही, कारण चौसष्ट माणसांनी पैसा दिला तेव्हा कोठे एक रुपया होणार. एक लाख माणसांनी दिला, तरी रक्कम होणार पंधराशे बासष्ट रुपये आठ आणे. लाख माणसांपर्यंत पोहोचावयाचे म्हणजे किती पायपीट! तरीही ती पायपीट झाली. लोकमान्य टिळकांनी या कार्याला पाठिंबा दिला. ‘पैसा फंड’ या नावाने वर्गणी गोळा होऊ लागली.

१९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची लाट उसळली, तेव्हा या फंडाला बळ आले. बांगड्या, चिमण्या, बाटल्या अशा काचेच्या रोजच्या वस्तूंसाठी देशाचे डोळे परदेशाकडे लागलेले असत. म्हणून काचेचाच कारखाना काढावयाचे ठरले. तो १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे सुरू झाला. अमेरिकेत जाऊन काच करण्याचे शास्त्र शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांचे ज्ञान त्याच्या कामी आले. येथे केवळ काच होत नसे. काच करणारी माणसे तयार होत. भट्टीपुढे उभे राहून लांब नळीच्या टोकावर तापलेल्या काचेचा गोळा घ्यावयाचा, नळीतून फुंकर घालून त्याला फुगवावयाचे आणि तो थंड होण्यापूर्वी हवा तो आकार द्यावयाचा, हे काम पुस्तकातून येत नाही. ते हाताला शिकवावे लागते. तळेगावला शिकलेले कारागीर पुढे इतरत्र गेले आणि त्यांच्याबरोबर ही विद्याही गेली. नाण्यावर चेहरा होता इंग्लंडच्या राजाचा. त्याच नाण्यांनी परदेशी मालाला तोंड देणारी भट्टी पेटविली. यातील विनोद त्या वेळच्या लोकांना नक्कीच कळला असेल.

नाण्याचे पुढील दिवस थोडक्यात सांगता येतील. शुद्ध तांबे मऊ असल्यामुळे नाणी लवकर झिजत. म्हणून १९०६ पासून त्यांच्या जागी कांशाची नाणी आली. तांब्यात थोडे कथील व जस्त मिसळले, की ती टणक होतात. वजनही शंभर ग्रेनांवरून पंचाहत्तरावर उतरले. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई पडली. तेव्हा १९४३ मध्ये मधोमध मोठे भोक असलेला अवघ्या दोन ग्रॅमांचा पैसा निघाला. या भोकाच्या पैशाला कोणी दोऱ्यात ओवी, तर कोणी खिळ्याखाली चकती म्हणून ठोकून टाकी. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, राजाचा मुकुट जाऊन अशोकस्तंभावरील सिंह आले आणि पाठीवर डौलदार घोडा आला. घोड्याच्या या पैशावर ‘एक पैसा’ ही देवनागरी अक्षरे होती.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती सुरू झाली. रुपयाचे आता शंभर भाग झाले. जुन्या पैशाशी गोंधळ होऊ नये म्हणून या भागाला ‘नया पैसा’ म्हटले, आणि नाण्यावर ‘रुपये का सौवाँ भाग’ असेही छापले. आणे-पैंची डोकेदुखी मिटली, याचा आनंद विद्यार्थ्यांना सर्वांत अधिक झाला असावा. पण बाजारात एक नवाच पेच पडला. जुना एक पैसा म्हणजे दीडाहून किंचित अधिक नवे पैसे. अर्धा पैसा नाण्यात नाही. म्हणून सरकारी कोष्टकाने एका जुन्या पैशाला दोन नवे पैसे ठरविले, दोन पैशांना तीन, तीन पैशांना पाच आणि आण्याला सहा. कोष्टक न्यायाने केले होते, तरी त्याचा परिणाम पाहा. जुन्या एका पैशाची वस्तू नव्या नाण्यांत एकेक करून चौसष्ट वेळा घेतली, तर एकशे अठ्ठावीस नवे पैसे लागत. जो एकेक आण्याचा माल सोळा वेळा घेई, त्याचे शहाण्णव पैशांतच भागे. म्हणजे चिमूटभर हळद आणि पैशाचे तेल घेणारा रुपयामागे अठ्ठावीस पैसे अधिक देई, आणि थोडा मोठा व्यवहार करणारा चार पैसे वाचवी. टपाल कार्ड तेव्हा नऊ पैचे, म्हणजे तीन पैशांचे होते. ते पाच नव्या पैशांचे झाले. जुनी आणि नवी नाणी एकत्र चालत होती, तोपर्यंत जुना पैसाच शोधून देण्याची धडपड अनेकांनी केली असेल, आणि ती मूर्खपणाची नव्हती.

१ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गळला. तोवर पैशातून तांब्याचा रंगही गेला होता. प्रथम पिवळसर धातू आला आणि १९६५ मध्ये वाऱ्याने उडेल असा ॲल्युमिनियमचा पैसा निघाला. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालील सर्व नाणी चलनातून बाद झाली.

खापरखेड्याच्या दुकानांत आता कोणी पैशाची वस्तू मागत नाही. पण १३४० मेगावॅट शक्तीचे जे वीज केंद्र या गावात आहे, त्यासारख्या केंद्रांतून निघणाऱ्या विजेचा दर युनिटामागे रुपये आणि पैसे यांतच ठरतो. युनिटाला पंचवीस पैसे वाढले, तर वाढीचे ते नाणे कोणाच्याही खिशात नसते. महिन्याच्या बिलात मात्र ते उमटते. गावाबाहेर शेतात गेले तर आणखी एक पैसा भेटतो. पूर्वी पीक किती आले हे महसूल खाते आण्यांत सांगे. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. त्या हिशेबाला आणेवारी म्हणत. आणे गेले, तशी तिची पैसेवारी झाली. दरवर्षी गावोगावची पैसेवारी जाहीर होते. ती पन्नास पैशांच्या खाली आली, तर गाव टंचाईत धरले जाई, आणि जमीन महसुलातील सूट, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी यांसारख्या सवलतींचा आधार अनेक वर्षे हाच आकडा ठरत आला. म्हणून हंगामाच्या अखेरीस कापूस आणि सोयाबीन पेरणारा येथील शेतकरी तलाठ्याला पहिला प्रश्न विचारतो, तो असा: “यंदा आपल्या गावाचे पैसे किती लागले?”